गाडीची चमक : रगडून नव्हे, जपून

गाडी घेताना रंग निवडण्यात अख्खे कुटुंब आठवडा घालवते. तो रंग टिकवायचा कसा, याचा विचार मात्र क्वचितच होतो. थोडी माहिती असेल तर हे काम घरच्या घरी, कमी खर्चात करता येते.

रविवारची सकाळ. दिल्लीच्या मुनिरका भागातील डीडीए फ्लॅट्सखाली गाड्या एकीला एक खेटून उभ्या आहेत. रात्री धुळीचे वादळ, दिल्लीकरांच्या भाषेत 'आंधी', येऊन गेले आहे. एका मराठी घरातले गृहस्थ जुने बनियन घेऊन खाली उतरतात आणि बॉनेट जोरजोरात पुसू लागतात.

"अहो, आधी पाणी तरी टाका!" बाल्कनीतून आवाज येतो.

"पाणी कशाला? नुसती धूळ तर आहे!" खालून उत्तर मिळते.

दहा मिनिटांत गाडी चकचकीत दिसते. पण ऊन वर आले की त्याच बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोलाकार ओरखडे चमकू लागतात. हप्ते अजून फिटायचे आहेत आणि गाडी आताच जुनी दिसू लागली आहे. गाडीच्या रंगाचे बरेचसे नुकसान असे मायेच्या हातूनच होते.

केसाहूनही पातळ थर

हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्याला गंजापासून वाचवणारे प्रायमरचे थर, त्यावर रंग आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' हा पारदर्शक थर असतो. सगळे मिळून जाडी भरते जेमतेम एक दशांश मिलिमीटर. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ असतो. गाडीची चमक याच थरात असते आणि उन्हापासून रंगाचे रक्षणही तोच करतो.

हा थर एकदा झिजला की परत येत नाही. मग पुन्हा रंग मारण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून नवशिक्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पॉलिश क्वचित, धुणे नीट आणि संरक्षण वारंवार.

धूळ म्हणजे वाळूच

एप्रिल ते जून राजस्थानकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर दिल्लीत जी धूळ येते, तिच्यात क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे कण असतात. ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे रंगावर सँडपेपर फिरवणेच. हिवाळ्यात दवाबरोबर काजळी चिकटते, तर झाडाखाली कबुतरांची विष्ठा आणि चिकट थेंब पडतात. मुंबई-कोकणात हीच जागा खारी हवा घेते.

रोज पहाटे गाडी पुसून जाणाऱ्या माणसावर रागावून उपयोग नाही. एकाच बादलीत आणि एकाच फडक्यात त्याला अनेक गाड्या उरकायच्या असतात. त्याला आपल्याकडची दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी द्या, पाणी भरून द्या आणि धूळ फार असेल त्या दिवशी गाडी कोरडी पुसू नये, असे प्रेमाने सांगा. रोज पुसलीच पाहिजे असा हट्ट आपणही सोडावा.

दोन बादल्यांची रीत

धुण्यासाठी पाइप लागत नाही. मे २०२४ मध्ये पाणीटंचाईच्या काळात दिल्ली सरकारने पाइपने गाडी धुण्यासारख्या उधळपट्टीवर २,००० रुपये दंड जाहीर केला होता. तीन-चार बादल्यांत छोटी गाडी छान निघते.

गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असावे. आधी टपापासून खाली मगाने पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्या. एका बादलीत गाडीचा शाम्पू कालवा, दुसरीत नुसते पाणी ठेवा. फडके शाम्पूत बुडवून एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून माती काढा, मगच पुन्हा शाम्पूत घाला. हात सरळ रेषेत आणि हलका फिरवा. चाके शेवटी, वेगळ्या फडक्याने धुवा.

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नका. त्याने वॅक्स निघून जाते. धुतल्यावर गाडी लगेच टिपून घ्या. बोअरचे पाणी अंगावर वाळले तर क्षारांचे पांढरे डाग पडतात. असे ताजे डाग पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन हलक्या हाताने पुसल्यास बहुधा जातात. नंतर ती जागा धुवावी.

पॉलिश वेगळे, वॅक्स वेगळे

दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात आणि गफलत होते. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा किंचित भाग घासून पृष्ठभाग सपाट करते, म्हणून ओरखडे दिसेनासे होतात. वॅक्स काही काढत नाही, वर एक संरक्षक पापुद्रा चढवते. रबिंग कंपाउंड पॉलिशपेक्षाही खरखरीत असते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकले तर तो पॉलिशने जाणार नाही, उगाच रगडू नका. नख अडकत नसेल तर धुतलेल्या, कोरड्या गाडीवर एका कोपऱ्यात आधी करून बघा. प्लॅस्टिक आणि रबराच्या कडांना मास्किंग टेप लावा. स्पंजावर नाण्याएवढे पॉलिश घेऊन दीड-दोन फुटांचा चौकोन करा आणि स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. कडा आणि उभार यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे जोर लावू नका. वर्षातून एकदाही गरज पडली नाही तर उत्तमच.

त्यानंतर वॅक्सचा अगदी पातळ हात द्या, धुरकट दिसू लागले की पुसा. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. आपल्या उन्हात ते दोन-एक महिने टिकते; कृत्रिम सीलंट त्याहून जास्त. बॉनेटवर पाण्याचे मणी जमेनासे झाले की नवा हात द्यायची वेळ आली. मॅट रंगाच्या गाडीला मात्र पॉलिश किंवा साधे वॅक्स लावू नये. महागड्या सिरॅमिक कोटिंगने धुणे सोपे होते, पण ओरखडे पडणारच नाहीत, असे समजू नका.

विष्ठा दिसली की थांबू नका

पक्ष्यांच्या विष्ठेतील आम्लाचा उन्हात रंगावर कायमचा ठसा उमटतो. नखाने खरवडू नका. ओले फडके पाच-दहा मिनिटे वर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हरही घालू नका. वाऱ्याने ते हलते आणि तेच रंग घासते.

ग्रीन पार्कची गोष्ट

रंग म्हणजे केवळ शोभा नव्हे, हे मुनिरक्यापासून जवळच असलेल्या ग्रीन पार्कने पाहिले आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. त्यांनी ती गाडी अखेरपर्यंत सोडली नाही. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले आणि गाडी घराबाहेर उघड्यावर उभी राहून गंजत गेली. पुढे कंपनीने ती नव्याने उभी केली आणि २०२२ मध्ये वसंत कुंज येथील आपल्या मुख्यालयात ठेवली.

प्रत्येक गाडीच्या नशिबी असे भाग्य नसते. आपली गाडी आपल्यालाच जपावी लागते. तेव्हा पुढच्या रविवारी जुने बनियन घरातच राहू द्या. दोन बादल्या भरा, मुलांनाही एकेक फडके द्या. काम लवकर होईल आणि बाल्कनीतून या वेळी रागाच्या हाकेऐवजी चहाची हाक येईल.