प्रोजेक्टर घेताय? आधी दिवा लावून पाहा!

मैत्रिणींनो, कल्याणचे महादेवराव पटवर्धन १८९२च्या सुमारास काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवत. ‘शांबरिक खरोलिका’ म्हणत त्या खेळाला. आज तीच करामत जेवणाच्या डब्याएवढ्या डिजिटल प्रोजेक्टरमध्ये मावते. महिला मंडळाचं व्याख्यान असो, घरची शिकवणी असो, की बचत गटाचा माल गिऱ्हाइकांना दाखवायचा असो. यंत्र पिशवीत टाकलं की निघालं! पण भिशीचे पैसे मोजण्यापूर्वी जरा पारख करा. चित्र फिकं पडलं, तर हेच यंत्र माळ्यावर जातं, नि पैसेही त्याच्यासोबत.

आधी उजेड पाहा. खोक्यावर हजारांनी छापलेल्या नुसत्या ‘ल्यूमेन्स’ना भुलू नका. ‘ॲन्सी ल्यूमेन्स’ किती, ते विचारा; ठरावीक पद्धतीने मोजलेला उजेड तो हाच. दोनतीनशे असतील तर खोली अंधारी हवी. भरदुपारी, खिडक्या उघड्या ठेवून सभा घ्यायची तर तीनेक हजार तरी लागतात. शिवाय बॅटरीवर चालवताना पुष्कळ यंत्रांचा उजेड आणखी उतरतो.

मग रेखीवपणा. ‘फोर-के चालतं’ म्हणजे चित्र फोर-के दिसतं, असं नव्हे बरं का! यंत्राचं मूळ, म्हणजे ‘नेटिव्ह’ रेझोल्यूशन विचारा. ते १९२० × १०८० असेल तर हिशेबाच्या तक्त्यातले बारीक आकडेही स्वच्छ उमटतात.

घरात जागा किती, तेही टेपने मोजा. ‘थ्रो रेशो’ १.२ असेल, तर सहा फूट रुंद चित्रासाठी यंत्र भिंतीपासून सव्वासात फुटांवर ठेवावं लागतं.

आणल्यावर निगा हवीच. भिंग पदराने पुसू नका. चष्म्याचं मऊ फडकं घ्या. यंत्र गादी-उशीवर ठेवू नका, हवेची जाळी बंद होऊन ते तापतं. मुलांना चालू भिंगात डोकावू देऊ नका.

वर्षातून दोनदाच लागणार असेल, तर सरळ भाड्याने आणा. विकतच घ्यायचा असेल, तर आपला पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जा नि दुकानदाराला दिवे लावायला सांगा. अंधारात काय, सगळीच यंत्रं झकास दिसतात!