छंद आकड्यांचा, ओळख मनाची

निवृत्तीनंतर बुद्धी तल्लख कशी राखावी, हा विषय ठाण्या-डोंबिवलीतील ज्येष्ठांच्या कट्ट्यांवर हमखास निघतो. शब्दकोडी आणि सुडोकू आपण जाणताच. त्यांच्या जोडीला एक वेगळा छंद सुचवावासा वाटतो. आपले मन कसे विचार करते हे न्याहाळायचे आणि तोच विचार संगणकाला पायरीपायरीने शिकवायचा.

प्रारंभ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्यापासून करू. जन्म १९०५, डहाणूचा. माध्यमिक शिक्षण ठाण्यात. १९३० ते १९६२ ते देवळालीला शिक्षक होते आणि गणिताची हौस त्यांनी आयुष्यभर जोपासली. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेला शोध असा : चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. त्यांच्या निवृत्तीचे वर्ष घ्या. ९६२१ वजा १२६९ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोनच पायऱ्या! त्यांच्या जन्मवर्षाला, १९०५ ला, मात्र पूर्ण सात पायऱ्या लागतात. आपले जन्मवर्ष करून पाहा.

ही वजाबाकी तोंडी केली तर हातचा मध्येच निसटतो. दाराची घंटा वाजली, की सगळेच पुसले जाते. ही ‘कार्यकारी स्मृती’. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची मर्यादा सुमारे सात घटकांची मानली. पुढील संशोधनाने ती चारच्या आसपास आणली. तेव्हा असा हातचा निसटणे हे आजाराचे लक्षण मानू नये.

आता हीच कृती पायथनसारख्या विनामूल्य संगणकभाषेत लिहा. अंक वेगळे करा, क्रम लावा, वजा करा, ६१७४ येईपर्यंत पुन्हा करा. आपण नकळत करतो ती प्रत्येक गोष्ट यंत्राला स्पष्ट सांगावी लागते. वयाची अडचण वाटत असेल, तर जपानच्या मासाको वाकामिया आठवाव्यात. ऐंशी ओलांडल्यावर प्रोग्रॅमिंग शिकून त्यांनी २०१७ मध्ये स्वतःचे ॲप प्रसिद्ध केले.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत डेनिस पार्क यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठ ते नव्वद वयाच्या व्यक्ती तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, छायाचित्रण किंवा गोधडीकाम नव्याने शिकल्या. त्यांच्या स्मरणशक्तीत सुधारणा दिसली. नुसत्या गप्पाटप्पा आणि सहली करणाऱ्या गटात तेवढी दिसली नाही. नवे आणि थोडे अवघड शिकणे महत्त्वाचे. मात्र अशा छंदाने स्मृतिभ्रंश टळतोच, असे म्हणता येत नाही.

या छंदाचा दुसरा लाभ म्हणजे यंत्राची खरी ओळख. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ ही संवाद साधणारी आज्ञावली जगापुढे मांडली. ती समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारी, तरीही माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. आजची यंत्रे कितीतरी सफाईने बोलतात. पण गोड बोलणे म्हणजे अचूक सल्ला नव्हे. औषधाची मात्रा डॉक्टरांनाच विचारावी, आणि मनातले दुःख आपल्या माणसांपाशीही बोलावे.

घरातील काळजीवाहकांना एक विनंती. आजी-आजोबांच्या छंदाची परीक्षा करू नका. चूक झाली तर ‘पुन्हा विसरलात?’ असे न म्हणता शेजारी बसा. नातवंडालाही सोबत घ्या. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, नेहमीचे पैशांचे व्यवहार न जमणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे अशी लक्षणे दिसू लागली, तर मात्र कोड्यांवर विसंबू नका. विलंब न करता डॉक्टरांकडे जा. कारण थायरॉइडचे विकार, बी-१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत.