परतीचा हिशेब आधी

उधारीवर माल देणे हे व्यापारातील सर्वांत सोपे काम आणि त्याची वसुली हे सर्वांत अवघड. खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकर येथील जुन्या पेढीवर हे तत्त्व कोणी मुद्दाम शिकवत नाही. नवा मुलगा पेढीवर बसू लागला की वर्षभरात त्याला ते आपोआप उमगते. लहान होडी वल्हवत समुद्रातील बेटाकडे जाण्याच्या छंदाला हेच तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. बेटाकडे जाणे सोपे असते. परतीची वसुली मात्र वारा आणि पाणी यांच्या हाती असते.

या विषयाकडे लक्ष देण्याचे कारण घराघरांत तयार झाले आहे. युरोपच्या सहलीवर निघालेली तरुण मंडळी आता माल्टा, क्रोएशिया, तुर्कस्तान येथे एक दिवस कयाकसाठी राखून ठेवतात. ज्यांना एवढे दूर जायचे नाही, ती कुटुंबे कोकणात तारकर्ली-देवबागला जातात आणि तेथेही किनाऱ्यावर रंगीत कयाक मांडून ठेवलेल्या दिसतात. बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. जिल्ह्याच्या उत्तरेचे पाणी नळगंगा-पूर्णेतून तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते आणि दक्षिणेचे पैनगंगा-खडकपूर्णेतून गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला. पाणी दोन समुद्रांना पोहोचते; पण येथील मुलामुलींना समुद्राचा स्वभाव ठाऊक नसतो. तो जाणून घेतल्याशिवाय होडीत पाऊल ठेवणे म्हणजे पत न तपासता कर्ज देण्यासारखे आहे.

साधी होडी, मोठा आनंद

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले सीलचे कातडे, अशी तिची जुनी रचना होती. आजची कयाक प्लास्टिकची किंवा फायबरची असते. तिला इंजिन नसते, शीड नसते. दोन्ही टोकांना पाती असलेले एकच वल्हे आलटून पालटून दोन्ही बाजूंना मारायचे, एवढेच तिचे यंत्र. काही कयाकमध्ये कमरेपर्यंत आत बसावे लागते, तर काहींच्या पाठीवर उघडे बसायचे असते. नवशिक्यांना दुसरा प्रकार सोयीचा, कारण ती उलटली तरी पुन्हा वर चढता येते.

वीतभर पाण्यातही ही होडी तरंगते. जेथे मोटारबोट जाऊ शकत नाही अशा कड्यांच्या कपारीत, उथळ खाडीत आणि खडकांच्या आडोशाला ती सहज जाते. डिझेलचा वास नाही, आवाज नाही. पाण्यातील आणि काठावरील जीवांना कमीत कमी त्रास. सकाळी लवकर निघून दुपारपर्यंत किनाऱ्याला लागायचे, असा हा प्रवास असल्याने सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांच्या दिनक्रमालाही तो बाधा आणत नाही.

भूमध्य समुद्रातील तीन ठिकाणे

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर केकोवा नावाचे बेट आहे. दुसऱ्या शतकातील भूकंपांनी तेथील प्राचीन वस्तीचा काही भाग पाण्याखाली गेला. भिंती आणि पायऱ्या आजही स्वच्छ पाण्यातून दिसतात. त्या अवशेषांवर पोहण्यास मनाई असल्यामुळे ते पाहण्याचा शांत मार्ग म्हणजे जवळच्या उचआझ गावातून निघणारी कयाक.

क्रोएशियातील दुब्रोव्हनिक शहराची तटबंदी समुद्रातून पाहण्यासाठी पर्यटक कयाकने बाहेर पडतात आणि समोरच्या लोक्रुम बेटाला वळसा घालून परततात. माल्टा आणि गोझो यांच्यामध्ये कोमिनो हे जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे बेट आहे; त्याच्या काठच्या गुहांत कयाक थेट आत जाते.

या तिन्ही ठिकाणी एक सोय समान आहे. भूमध्य समुद्र जिब्राल्टरच्या अरुंद सामुद्रधुनीनेच महासागराला जोडलेला असल्यामुळे तेथे भरती-ओहोटीचा फरक बहुतेक किनाऱ्यांवर हात-दीड हाताच्या आतच असतो. तेथील खरा प्रतिस्पर्धी म्हणजे वारा. ग्रीस आणि तुर्कस्तानच्या बाजूला उन्हाळ्यात उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वाहू लागला की तो कित्येक दिवस थांबत नाही. क्रोएशियाच्या किनाऱ्यावर दुपारी ‘माएस्त्राल’ उठतो. म्हणून जाणते वाटाडे पहाटेच निघतात आणि वारा उठण्यापूर्वी परततात. आणखी एक फसगत तेथील वसंत ऋतूत होते. एप्रिलमध्ये ऊन उबदार असते, पण पाणी बरेच थंड असते. कपडे हवेप्रमाणे न घालता पाण्याप्रमाणे घालावेत, असा तेथील नियम आहे.

कोकणात पाणीही चालते

भूमध्य समुद्रावरील अनुभवाच्या बळावर कोकणात उतरणाऱ्याने सावध राहावे, कारण येथे वाऱ्याबरोबर पाणीही जागा सोडते. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. किल्ला किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आतच आहे. तरीही भोवतालच्या पाण्यात दडलेल्या खडकांमुळे अनोळखी गलबताला तेथे पोहोचणे कठीण होते. चारही बाजूंना खारे पाणी असताना किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. या परिसरातील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले आणि २०२५ च्या जुलैमध्ये सिंधुदुर्गाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थळांमध्ये झाला. किल्ल्यावर जाणारे पर्यटक मोटारबोटीने जातात आणि नवशिक्या कुटुंबांनीही तसेच जावे. कयाकसाठी अधिक योग्य जागा म्हणजे देवबागजवळचे कर्ली नदीचे खाडीपात्र.

भरती-ओहोटीचा अंदाज घेण्यासाठी कोकणातील जुनी मंडळी पंचांग वापरतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता; अष्टमीला सहा वाजता; द्वादशीला नऊ वाजता. ज्या घरांत आजोबांनी पाऊणकी पाठ केली होती, त्यांना हे गणित नवे नाही. पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा ठोकताळा मुंबईच्या परिसराला अधिक जुळतो; मालवणकडे भरती काहीशी आधी येते. म्हणून नेमकी वेळ छापील तक्त्यावरून आणि स्थानिक मच्छीमारांकडून पडताळून घ्यावी.

अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या घरांना आणखी एक खूण सहज लक्षात राहील. अष्टमीच्या सुमारास आणि त्यापुढील एक-दोन दिवस ‘भांग’ असते; पाण्याचा चढ-उतार कमी आणि प्रवाह मवाळ असतो. चतुर्दशीपासून द्वितीयेपर्यंत ‘उधाण’ असते. पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि तेवढ्याच जोराने धावते. सहा तासांत पाणी सारख्या गतीने उतरत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी निघून जाते. नदीच्या मुखाजवळ या दोन तासांत कयाक असू नये. तेथे प्रवाह थेट समुद्राकडे ओढतो. भरतीच्या शेवटच्या टप्प्यात खाडीत वरच्या बाजूला जावे, पाणी स्थिरावले की माघारी वळावे आणि ओहोटीला जोर चढण्यापूर्वी काठ गाठावा.

आकडे काय सांगतात

नवशिक्या माणूस शांत पाण्यात ताशी चार किलोमीटर वल्हवतो असे धरू. बेट दोन किलोमीटरवर आहे. प्रवाह नसेल तर जाण्यास अर्धा तास आणि येण्यास अर्धा तास. आता मागून ताशी दोन किलोमीटरचा प्रवाह आहे असे समजा. जाताना वेग सहा होईल आणि बेट वीस मिनिटांत येईल. सगळे खूश होतील. परतताना तोच प्रवाह समोरून आला तर वेग दोन उरेल आणि एक तास लागेल. प्रवाह तीन किलोमीटरचा असेल तर जाताना सतरा मिनिटे पुरतील, पण येताना दोन तास लागतील. प्रवाह चारचा झाला तर माणूस वल्हवत राहील आणि जागेवरच राहील. प्रवाहातील किरकोळ वाढ परतीचा वेळ कित्येक पटींनी वाढवते, तीही हात थकल्यानंतर आणि ऊन डोक्यावर आल्यानंतर.

वाऱ्याचेही असेच आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्याजवळचे पाणी त्या वेळी आरशासारखे दिसते, कारण मागे जमिनीचा आडोसा असतो. पाचशे मीटर पुढे गेल्यावर तोच वारा होडीला खोल समुद्राकडे नेऊ लागतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात. ते किनाऱ्याकडे ढकलतात, पण लाटा उंचावतात. म्हणून जाणकारांचा नियम आहे : जाताना शक्यतो वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकलेल्या हातांना परतीच्या वाटेवर त्यांची साथ मिळते. आणि अंगातील ताकदीचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेला एक तृतीयांश राखीव ठेवावा. राखीव निधीला हात न लावता व्यवहार पूर्ण झाला, तरच तो चांगला व्यवहार.

पाण्यात उतरण्यापूर्वी

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि डझनाहून अधिक जीव गेले. या दोन्ही बोटी कयाक नव्हत्या आणि दोन्हींची कारणे वेगळी होती. तरी एक धडा समान आहे : संकट सांगून येत नाही आणि जीवरक्षक जाकीट अंगावर नसेल तर ते घालण्यास वेळ मिळत नाही.

जाकीट पायाशी किंवा मांडीवर न ठेवता अंगावर बांधलेले असावे. लहान मुलाला मोठ्याचे जाकीट चालत नाही. खांद्याशी धरून वर ओढले असता ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर मोठे आहे असे समजावे. गटाबरोबर प्रशिक्षित वाटाड्या असावा. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : आज भरती किती वाजता आहे, दुपारी वारा कोठून येईल आणि कोणी उलटले तर काय करायचे. उत्तरे चटकन आणि नेमकी मिळाली नाहीत तर तेथेच थांबावे. पाण्याची बाटली, टोपी, शिट्टी आणि जलरोधक पिशवीत फोन जवळ असावा. परतीची वेळ किनाऱ्यावरील कोणाला तरी सांगून ठेवावी. होडी उलटली तर तिला धरून राहावे. ती तरंगते आणि दुरून दिसते, एकट्या माणसाचे डोके दिसत नाही. पावसाळ्यात तर कोकणाच्या समुद्रात हा विचारही करू नये.

याची तयारी समुद्रावर गेल्यानंतर सुरू होत नाही. पोहणे हे मुलामुलींना घरच्या गावातच, तरणतलावात आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवावे. ते केवळ सहलीसाठी उपयोगी नाही. प्लास्टिकचे अस्तर असलेले निसरडे शेततळे आणि खोल धरण ही बुलढाणा जिल्ह्यातील मुलांच्या रोजच्या वाटेवरची पाण्याची ठिकाणे आहेत.

शेवटचा प्रश्न पैशाचा असतो आणि तेथेच पुष्कळांचा निर्णय चुकतो. सहल आखलेली असते, शुल्क आगाऊ भरलेले असते, दुसऱ्या दिवशी परतीची गाडी असते आणि नेमक्या त्या सकाळी वारा वाढलेला असतो. भरलेली रक्कम वाया जाऊ नये म्हणून पाण्यात उतरणे हा बुडीत खात्यात नवी रक्कम ओतण्याचा प्रकार आहे. ती रक्कम गेलीच असे समजून खर्ची टाकावी, मुलांना किल्ल्याची गोष्ट सांगावी आणि दिवस किनाऱ्यावर घालवावा. बेट कोठे जात नाही. पुढच्या सुट्टीत, चांगल्या तिथीला आणि शांत वाऱ्याला तेथे पुन्हा जाता येते.