मॅग्नम काडतुसांची चढती व उतरती कळा

संस्थानी दप्तरांतून शिकारीचे जे कागद बाहेर पडतात त्यांत बंदुकांच्या याद्या, विलायती बंदूकवाल्यांच्या पावत्या, काडतुसांच्या जमाखर्चाचीं टिपणें व शिकारीच्या रोजनिश्या यांचा भरणा असतो. सनदा, महजर व नाणीं यांच्यामागें लागलेले संग्राहक असल्या कागदांकडे सहसा उपेक्षेनें पाहतात. आणि पाहिलेंच, तर '.३७५ मॅग्नम', '४५० एक्स्प्रेस', '१२ बोअर' असल्या खुणांपाशीं अडखळतात. या खुणा निरर्थक नाहींत. त्यांपैकीं कित्येकांवरून मिति नसलेल्या कागदाचा काळ ठरवितां येतो. आणि त्यांचा अर्थ न कळल्यास कागद हातीं असूनहि इतिहास चुकीचा लिहिला जाण्याचें भय असतें. त्यांत 'मॅग्नम' या नांवाभोंवतीं विसाव्या शतकांत मोठें वलय निर्माण झालें व तें आतां ओसरत चाललें आहे. तें कां निर्माण झालें व कां ओसरलें, हें समजल्यावांचून जुन्या शिकारीच्या कागदांचें मोल नीट करतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम आंकड्यांविषयीं. 'बोअर' हें माप जुनें. एक पौंड शिशाच्या सारख्या आकाराच्या बारा गोल गोळ्या केल्या असतां त्यांतील एक गोळी ज्या नळींत बसते ती बारा बोअरची नळी. यामुळें बोअरचा आंकडा जितका लहान तितकी नळी मोठी. चार बोअरची गोळी पाव पौंडाची भरते. पुढें इंचाचे सहस्रांश धरून माप सांगण्याची रीत पडली, तेव्हां हा क्रम उलटला. .३७५ म्हणजे इंचाचे तीनशें पंचाहत्तर सहस्रांश. युरोपखंडांत मिलिमीटर चालत. परिणामीं एकाच काडतुसास दोन-दोन नांवें पडलीं. जर्मनींतील माउझरचें ७ × ५७ मि. मी. हेंच काडतूस लंडनच्या रिग्बीच्या पेढीवर .२७५ रिग्बी या नांवानें विकलें जाई. हें ध्यानांत न घेतां एखाद्या यादींतील '७ मि. मी. माउझर' व दुसऱ्या यादींतील '२७५' या दोन निरनिराळ्या जातींच्या बंदुका मानणारा अभ्यासक एकच काडतूस दोनदां मोजील.

काळ्या दारूच्या काळीं बळ वाढवावयाचें तर शिशाचें वजन वाढविणें हाच सोपा मार्ग होता. सर सॅम्युएल बेकर यांनीं अबिसीनियांत नेलेली हॉलंडची बंदूक अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेंकी. तिला तेथील अरब लोक 'तोफेचें मूल' म्हणत, आणि ती उडविणाऱ्यास ती अक्षरशः गरकन फिरवी, असें बेकर स्वतःच सांगतात. आमच्या बाजूस सातपुड्यांत हिंडलेले कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांनीं १८६३ मध्यें शिकारी रायफलीवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मोठ्या बोअरची गोल गोळी व तिच्यामागें भरपूर दारू हा त्यांचा पक्ष. त्यांचें मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील १८७१ चें पुस्तक आमच्या वाचकांच्या परिचयाचें असेल. हें पहिलें मात्र फारसें कोणी उघडीत नाहीं, आणि आमच्या मतें शिकारीचे कागद वाचणारास तेंच अधिक उपयोगाचें आहे.

दुसरा पक्ष वेगाचा. १८५६ मध्यें जेम्स पर्डी यांनीं हलकी गोळी व जास्त दारू यांच्या मेळानें वेग वाढवून आपल्या रायफलीस 'एक्स्प्रेस ट्रेन' असें नांव दिलें. आगगाडी त्या वेळीं नवी व वेगाची परमावधि समजली जाई. त्यामुळें 'एक्स्प्रेस' हा शब्द बंदुकांस कायमचा चिकटला. पुढें १८८४ मध्यें फ्रान्समध्यें व्हिएल यांनीं धूररहित दारू सिद्ध केली, इंग्लंडांत १८८९ मध्यें कॉर्डाईट आलें, आणि १८९८ मध्यें रिग्बीनें .४५० नायट्रो एक्स्प्रेस काढून जुन्या चार व आठ बोअरांचा अंमल संपविला. जेफ्रीचें .६०० हि आलें, त्याची गोळी ९०० ग्रेनांची.

येथें हिंदुस्थानच्या कागदपत्रांशीं थेट संबंध असलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. सैन्यांतून बाद झालेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीचें मापहि .४५० च होतें. शिकारी काडतुसांतील गोळ्या काढून त्या बंडखोर आपल्या मार्टिनींत वापरतील, या भयानें सरकारनें १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान व सुदान येथें .४५० मापाची आयात बंद केली. हिंदुस्थानचें गिऱ्हाईक गमावणें विलायती बंदूकवाल्यांस परवडणारें नव्हतें. म्हणून .४७०, .४६५, .४७५, .४७६ अशीं जवळजवळ सारख्याच बळाचीं काडतुसें हां हां म्हणतां बाजारांत आलीं. शिकारीची गरज नसतां केवळ एका हुकुमामुळें इतकीं मापें जन्मास आल्याचें असें दुसरें उदाहरण आमच्या माहितींत नाहीं. यादींत .४७० आढळलें, तर ती यादी त्या हुकुमापूर्वींची नव्हे, हें समजावें.

आतां मॅग्नम. लॅटिनमध्यें या शब्दाचा अर्थ 'मोठें' एवढाच. दारूच्या, म्हणजे पिण्याच्या दारूच्या, नेहमींपेक्षां दुप्पट मोठ्या बाटलीस हें नांव होतें. तेथून तें बंदुकीच्या दारूकडे आलें. काळ्या दारूच्या कांहीं एक्स्प्रेस काडतुसांसहि तें लावलें गेलें होतें. परंतु त्यास प्रतिष्ठा आली ती १९१२ मध्यें हॉलंड आणि हॉलंड यांनीं .३७५ मॅग्नम काढलें तेव्हां. ३०० ग्रेनांची गोळी, वेग सेकंदास सुमारें २५०० फूट, जोर सुमारें ४२०० फूट-पौंड. त्याच्या पितळी नळकांड्याच्या बुडाशीं एक उठावदार पट्टा असतो. नळकांडें निमुळतें व त्याचा खांदा उतरता असल्यामुळें तें बंदुकींत नेमकें कोठें थांबावें हें ठरविण्यासाठीं या पट्ट्याची योजना होती. १९२५ मध्यें त्याच घराण्याचें .३०० मॅग्नम आलें. १९३५ मध्यें त्यानें अमेरिकेंत हजार वारांवरील विंबल्डन चषक जिंकला, आणि पुढें विंचेस्टरच्या ७० नंबरच्या रायफलींत हीं दोन्ही काडतुसें मिळूं लागल्यावर जें पूर्वीं राजेरजवाड्यांचें होतें तें सामान्य शिकाऱ्याच्या खांद्यावर आलें.

यानंतरची कथा मुख्यतः अमेरिकेची. कॅलिफोर्नियांत रॉय वेदरबी यांनीं १९४० नंतरच्या दशकांत 'वेगच मारतो' हें सूत्र धरून काडतुसांची मालिका सुरू केली. तिचें टोंक म्हणजे.४६०, ज्याचा जोर साडेसात हजार फूट-पौंडांच्या वर जातो. विंचेस्टरनें १९५६ मध्यें .४५८, १९५८ मध्यें .३३८, १९६३ मध्यें .३०० काढलें, मध्यें १९६२ मध्यें रेमिंग्टनचें ७ मि. मी. आलें. यांपैकीं बहुतेकांचा खांदा चांगला रुंद असल्यानें पट्ट्याची गरज उरली नव्हती. तरी तो ठेवला गेला. पट्टा म्हणजे मॅग्नम व मॅग्नम म्हणजे पराक्रम, असें समीकरण बसलें होतें; मूळ जहागीर गेल्यावरहि बिरुद मिरविण्याचाच हा प्रकार.

ही लोकप्रियता ओसरण्याचें मुख्य कारण, आमच्या मतें, असें कीं मॅग्नम ज्या उणिवा भरून काढण्यासाठीं होतें त्या एकेक करून दुसऱ्याच मार्गांनीं भरल्या गेल्या. पहिली उणीव गोळीची. जुन्या गोळ्या हाडावर आपटून फुटत, नाहींतर न पसरतां आरपार जात. जोर जास्त असला म्हणजे हा दोष झांकला जाई. १९४८ पासून नोस्लरची मध्यें पडदा असलेली गोळी व १९८९ मध्यें बार्न्सची निव्वळ तांब्याची गोळी विक्रीस आली, आणि मध्यम काडतूसहि पुरेसें खोल जाऊं लागलें. दुसरी उणीव अंतराच्या अंदाजाची. गोळी सपाट जावी म्हणून वेग हवा होता, कारण हरिण दोनशें वारांवर आहे कीं तीनशें, हें डोळ्यांनीं ठरत नव्हतें. १९९० नंतरच्या दशकांत लेसर किरणांनीं अंतर मोजणारें यंत्र शिकाऱ्याच्या खिशांत आलें. अंतर कळल्यावर गोळी किती खालीं पडेल याचें गणित करून दुर्बीण फिरवितां येते; मग अफाट वेगाची निकड राहत नाहीं.

तिसरें कारण खांद्याचें, व तें सर्वांत जुनें. साधारण वजनाच्या बंदुकींत .३०-०६ चा धक्का सुमारें २० फूट-पौंड बसतो, .३७५ मॅग्नमचा ४० च्या आसपास, .४६० वेदरबीचा १०० च्या घरांत. धक्क्याची धास्ती घेतलेला मनुष्य घोडा ओढतांना डोळे मिटतो व खांदा आंखडतो; गोळी पोटांत लागते आणि जखमी जनावर झाडींत नाहींसें होऊन हालहाल होऊन मरतें. बळाच्या पक्षपात्यांनीं ही गोष्ट कधींच मनमोकळेपणानें मान्य केली नाहीं.

चौथें कारण कायद्याचें. हिंदुस्थानांत १९७० मध्यें वाघाच्या शिकारीस बंदी झाली व १९७२ मध्यें वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला; केन्यानें १९७७ मध्यें शिकारच बंद केली. ज्या जनावरांसाठीं हीं काडतुसें घडलीं तीं बव्हंशीं बंदुकीच्या टप्प्याबाहेर गेलीं, आणि हें सर्वथा इष्टच झालें.

याउपर कारखानदारांनीं स्वतःच अतिरेक केला. १९९९ पासून चार-पांच वर्षांत अतिमॅग्नम, आंखूड मॅग्नम, अतिआंखूड मॅग्नम अशीं इतकीं नांवें निघालीं कीं कित्येकांचीं काडतुसें दुकानांत मिळेनाशीं झालीं. अशांत २००७ मध्यें हॉर्नडीनें ६.५ क्रीडमूर काढलें. त्याची गोळी लांब व सडपातळ, म्हणून वाऱ्यांतून जातांना वेग कमी गमावणारी. धक्का १२-१३ फूट-पौंडांचा. शिकाऱ्यांनीं तें उचलून धरलें. पुराणवस्तूंच्या भोक्त्यांस गमतीची गोष्ट ही कीं या अत्यंत आधुनिक काडतुसाचें नांव न्यूयॉर्कजवळील ज्या मैदानावरून पडलें तेथें १८७४ मध्यें आयरिश व अमेरिकन नेमबाजांचा गाजलेला सामना काळ्या दारूच्या रायफलींनीं झाला होता.

तथापि मॅग्नम नामशेष झालें असें कोणीं समजूं नये. ७ मि. मी. रेमिंग्टन व .३०० विंचेस्टर अद्याप खपतात. आफ्रिकेंतील कित्येक देशांत हिंस्र श्वापदांसाठीं.३७५ किंवा त्याच्या जवळपासचें माप कायद्यानेंच आवश्यक असल्यामुळें १९१२ चें तें काडतूस अजून चालू आहे. २०१८ चें .३०० पी. आर. सी. व २०२२ चें ७ मि. मी. पी. आर. सी. हीं तर आकारानें व बळानें मॅग्नमच. फक्त त्यांना पट्टा नाहीं व नांवांत तो शब्द नाहीं. वस्तु राहिली, नांवाचा मान गेला.

आतां कागदांच्या वाचनाकडे वळतों. काडतुसाच्या नांवावरून शिकाऱ्याची योग्यता ठरविण्याचा मोह टाळावा. डब्ल्यू. डी. एम. बेल यांनीं हजारांवर हत्ती मारले, व त्यांतील बहुसंख्य वर सांगितलेल्या .२७५ नें. यावरून लहान काडतूस सदैव पुरतें असा निष्कर्ष काढणारेहि आहेत. तो आम्हांस मान्य नाहीं. बेल यांस हत्तीच्या मस्तकाची रचना नेमकी ठाऊक होती. कॉर्बेट यांस १९०७ मध्यें चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल मिळालेली .२७५ रिग्बी प्रसिद्ध आहे, पण तेच कॉर्बेट जेफ्रीची .४५०/४०० ची दुनळीहि वापरीत. एका बंदुकीच्या पावतीवरून मनुष्याची रीत ठरत नाहीं.

काळ ठरवितांना '.३७५ हॉलंड मॅग्नम' असें असल्यास कागद १९१२ किंवा नंतरचा, '.४५८' असल्यास १९५६ नंतरचा. नुसत्या 'मॅग्नम' शब्दावर भिस्त ठेवूं नये. आणि ही मर्यादा अलीकडची आहे, पलीकडची नव्हे, कारण चांगली रायफल दोन-तीन पिढ्या वापरांत राहते. पावतीवर बंदुकीचा क्रमांक असल्यास तो अक्षरशः उतरून घ्यावा. लंडनच्या जुन्या पेढ्यांनीं क्रमांकवार वह्या राखल्या आहेत व त्यांवरून बंदूक कोणत्या वर्षीं व कोणासाठीं घडली हें निघूं शकतें. काडतुसांच्या रिकाम्या खोक्यांवरील छापील चिठ्ठ्या फेंकून देऊं नयेत. त्यांवर दारूचें व गोळीचें वजन असतें, जें पावतींत क्वचितच आढळतें. दप्तराबरोबर जिवंत काडतुसें आढळलीं तर मात्र तीं संग्रहांत ठेवूं नयेत. परवान्यावांचून तीं बाळगणें १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें गुन्हा आहे, व जुन्या कॉर्डाईटचा भरंवसाहि नसतो. त्यांच्या बुडावरील अक्षरें टिपून घेऊन तीं पोलिसांच्या स्वाधीन करावीं आणि पोंच दप्तराबरोबर जोडावी.