घरच्या मांजरावरील पिसवा व मानेवर लावावयाचे औषध

शेतकऱ्याच्या घरी मांजर केवळ हौसेखातर पाळले जात नाही. कणगीतील धान्य, पेरणीसाठी राखून ठेवलेले बी आणि गोठ्यातील पेंड यांवर उंदरांची धाड पडू नये म्हणून त्याला घरात थारा दिलेला असतो. परंतु पावसाळी दमट हवा सुरू झाली की याच मांजराच्या अंगावर पिसवा माजतात. मांजर सारखे अंग खाजविते, त्याचे केस झडतात, आणि थोड्याच दिवसांत घरातील मुलांच्या घोट्यांवर व पोटऱ्यांवर तांबडे पुरळ दिसू लागते. अशा वेळी पुष्कळ घरांतून हाताशी असेल ते औषध मांजराला चोळले जाते. गोठ्यात गोचिडांवरील औषध असते. खोपटात पिकावर फवारण्याचे औषध असते. जे औषध कीड मारते ते पिसूही मारणार, असा सरळ हिशेब केला जातो. पिसू मरते हे खरे. परंतु कित्येकदा तिच्याबरोबर मांजरही मरते. सबब, मांजरावरील पिसवांचा बंदोबस्त कोणत्या औषधाने व कोणत्या रीतीने करावा, याची माहिती प्रत्येक घरी असणे आवश्यक आहे.

पिसू कशी ओळखावी

पिसू हा सुमारे २ मिलिमीटर लांबीचा, तपकिरी रंगाचा, दोन्ही बाजूंनी चपटा असा बिनपंखी कीटक होय. तिला उडी लांब मारता येते. म्हणून ती दृष्टीस पडली तरी हाती लागत नाही. ती आहे किंवा नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. उवा काढण्याच्या बारीक दातांच्या फणीने मांजराची पाठ व शेपटीचे मूळ विंचरावे, आणि फणीत येणारे काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकावे. ते कण विरघळून त्यांभोवती तांबूस डाग पडले, तर ती पिसूची विष्ठा समजावी. कारण ही विष्ठा म्हणजे पचलेले रक्तच असते. साध्या मातीचा असा डाग पडत नाही.

पिसवांपासून होणारा अपाय

लहान पिलांच्या अंगावर पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन पिले दगावतात. दुसरे असे की, मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि तिच्या पोटातील पट्टकृमीची अळी मांजराच्या आतड्यात वाढू लागते. मांजराच्या गुदद्वाराजवळ किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते या कृमीचे भाग होत. जमिनीवर खेळणाऱ्या लहान मुलाच्या पोटात चुकून पिसू गेली, तर त्यालाही हा कृमी होऊ शकतो. पिसवांमार्फत पसरणारा एक प्रकारचा टायफस ज्वरही माणसाला होतो.

प्लेगच्या संबंधात येथे थोडा खुलासा करणे जरूर आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९८ साली कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरील पिसू हा रोग पसरविते असे दाखवून दिले. ही उंदरावरील पिसू मांजराच्या नेहमीच्या पिसूहून वेगळ्या जातीची आहे. तथापि शिकारी मांजर उंदराबरोबर तिलाही घरात आणू शकते. बीड जिल्ह्यातील मामला या गावी ऑगस्ट १९९४ मध्ये प्रथम पिसवांचा अतोनात उपद्रव झाला व त्यापाठोपाठ गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. म्हणून गावात उंदीर आपोआप मरून पडू लागले व पिसवा एकाएकी वाढल्या, तर प्राथमिक आरोग्य केंद्रास ताबडतोब कळवावे. मेलेल्या उंदराला हात लावू नये.

पिसूचा संसार

पिसवांचा बंदोबस्त का फसतो, हे त्यांच्या जीवनक्रमावरून समजते. रक्त पिऊ लागल्यावर साधारण दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, आणि भरात असता ती दिवसाला ४० ते ५० अंडी घालते. अंडी चिकट नसल्यामुळे मांजराच्या अंगावरून घरंगळतात व मांजर जेथे निजते तेथे पडतात. त्यांतून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात. त्या जमिनीच्या भेगांत, पोत्यांच्या तळाशी व गोधडीच्या घड्यांत राहून पिसूच्या वाळलेल्या विष्ठेवर जगतात. पुढे अळी रेशमासारखा कोष करते व त्यावर धूळ चिकटते. उबदार व दमट हवेत हा सर्व क्रम तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. परंतु कोषातील पिसू कित्येक महिने स्वस्थ राहू शकते, आणि जनावराची ऊब, श्वास किंवा पावलांचा हादरा जाणवताच बाहेर पडते. बरेच दिवस बंद असलेले घर उघडताच पायांवर पिसवा चढतात, त्याचे कारण हेच.

घरातील एकूण पिसवा, अंडी, अळ्या व कोष यांची मोजदाद केली, तर मांजराच्या अंगावर त्यांचा अंदाजे विसावा हिस्साच असतो. बाकी सर्व घरात असतो. यास्तव मांजराला औषध लावणे व घर स्वच्छ करणे ही दोन्ही कामे बरोबरच झाली पाहिजेत.

गुरांचे औषध मांजराला का चालत नाही

गोचिडांसाठी वापरली जाणारी सायपरमेथ्रिन व डेल्टामेथ्रिन ही औषधे, आणि कुत्र्यांसाठी वापरले जाणारे परमेथ्रिन, ही सर्व एकाच वर्गातील आहेत. ती कीटकांच्या मज्जातंतूंवर आघात करतात. गाय, बैल व कुत्रा यांच्या शरीरात गेलेला त्यांचा अंश यकृतात रूपांतर पावून बाहेर टाकला जातो. मांजराच्या यकृतात या कामी लागणारी एक महत्त्वाची क्रिया फार दुबळी असते. त्यामुळे विष शरीरातच साठून राहते व मांजराच्या मज्जातंतूंवर तोच आघात करू लागते. तापावरील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला प्राणघातक ठरते, तीही याच उणिवेमुळे.

त्यात मांजराच्या सवयीची भर पडते. मांजर दिवसातून अनेक वेळा आपले अंग चाटून साफ करते. बैलाच्या पाठीवर लावलेले औषध पाठीवरच राहते. मांजराच्या पाठीवर लावलेले औषध त्याच्या पोटात जाते. कुत्र्यासाठी तयार केलेले ४५ टक्के परमेथ्रिनचे औषध अवघे १ मिलिलिटर लागले, तरी साडेचार किलो वजनाच्या मांजराच्या जिवावर बेतू शकते. गोचिडांवरील अमिट्राझ हे औषधही मांजराला लावू नये. फिनेल, रॉकेल, तंबाखूचे पाणी व डांबराच्या गोळ्या या घरगुती उपायांनीही मांजराला विषबाधा होते. एके काळी घरोघर वापरली जाणारी बी. एच. सी. पूड हिच्यावर भारतात १९९७ साली बंदी आली. जुन्या डब्यांत ती उरली असल्यास मुळीच वापरू नये.

नाव एक, औषध वेगळे

शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. मांजराच्या पिसवांवर चालणाऱ्या औषधांत फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड ही दोन नावे प्रमुख आहेत, आणि हीच नावे पिकांवरील कीटकनाशकांच्या बाटल्यांवरही आढळतात. यावरून पिकाचेच औषध थोडे पाणी घालून मांजराला लावण्याचा मोह होतो. हा मोह टाळावा. पिकावरील औषधात ते पाण्यात मिसळावे व पानांवर पसरावे म्हणून जी इतर द्रव्ये घातलेली असतात, ती जनावराच्या कातडीसाठी किंवा पोटासाठी तपासलेली नसतात. शिवाय मांजराला लागणारी मात्रा इतकी अल्प असते की शेतातील मापाने ती मोजता येत नाही. बाटलीवरील नाव जुळले म्हणजे औषध जुळले असे होत नाही.

मानेवर लावावयाचे औषध

मांजरासाठी तयार केलेले औषध लहान नळीत मिळते. एक नळी ही एका मांजराची एका वेळची मात्रा असते. फिप्रोनिलच्या नळीत सामान्यतः १० टक्के तीव्रतेचे अर्धा मिलिलिटर औषध असते. ते मानेवर सोडले असता कातडीवरील तेलकटपणाबरोबर सर्वांगावर पसरते, केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींत साठते व तेथून हळूहळू झिरपत राहते. बहुतेक पिसवा एका दिवसात मरतात आणि औषधाचा प्रभाव सुमारे महिनाभर टिकतो. सेलामेक्टिन हे दुसरे औषध कातडीतून रक्तात जाते. त्याने पिसवांबरोबर कानातील खरजेचे किडे व काही जातींचे जंतही मरतात. कोणते औषध निवडावे हे पशुवैद्यास विचारून ठरवावे. औषध लावण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. मांजराचे वजन करावे. माणसाने प्रथम एकट्याने व मग मांजर घेऊन काट्यावर उभे राहावे. दोन्ही वजनांतील फरक हे मांजराचे वजन होय.

२. पाकिटावर मांजराचे नाव किंवा चित्र आहे, वजन व वय जुळते आणि मुदत संपलेली नाही, एवढे पाहावे. कुत्र्याची मोठी नळी आणून तिचे भाग करू नयेत.

३. औषध लावण्याच्या आधी दोन दिवस व नंतर दोन दिवस मांजराला धुऊ नये. कातडीवर जखम असल्यास औषध लावू नये.

४. मांजरी आपल्या पिलाला ज्या ठिकाणी तोंडात धरून उचलते, ती मानगूट ही औषधाची जागा होय. तेथे मांजराची जीभ पोहोचत नाही. केस दोन्ही बाजूंस सारून कातडी दिसू द्यावी, नळीचे टोक कातडीस टेकवावे व सर्व औषध तेथेच सोडावे. केसांवर पडलेले औषध वाया जाते.

५. जागा वाळेपर्यंत मांजराला हाताळू नये व मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. घरात दोन मांजरे असल्यास ती एकमेकांस चाटणार नाहीत अशी वेगळी ठेवावीत. नंतर हात साबणाने धुवावेत. रिकामी नळी विहिरीत, ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नये.

फिप्रोनिल आठ आठवड्यांखालील व सेलामेक्टिन सहा आठवड्यांखालील पिलांना लावू नये. अशा पिलांच्या पिसवा फणीने काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. गाभण, अंगावर पाजणाऱ्या किंवा आजारी मांजरीसाठी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. घरी ससे असल्यास त्यांना फिप्रोनिल कधीही लावू नये. ते सशांना घातक आहे.

घराची व्यवस्था

मांजर ज्या पोत्यावर, घोंगडीवर किंवा गोधडीवर निजते, ते आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. कोरड्या उन्हात अळ्या तगत नाहीत. कणगीचा तळ, चुलीजवळचा कोपरा, बाजेखालची जागा व गोठ्याची कड रोज झाडावी आणि केर लगेच जाळावा. जमिनीच्या भेगा लिंपून घ्याव्यात. घरात कुत्रा असेल तर त्यालाही त्याच वेळी त्याचे स्वतंत्र औषध लावावे. मात्र त्या औषधात परमेथ्रिन असल्यास तीन दिवस कुत्रा व मांजर यांस एकत्र येऊ देऊ नये. कोषांतून नवीन पिसवा निघत राहिल्यामुळे पहिल्या औषधानंतरही काही आठवडे त्या दिसतात. म्हणून औषध निरुपयोगी ठरले असे समजू नये व मात्राही वाढवू नये. दर महिन्यास एक याप्रमाणे निदान तीन महिने क्रम चालू ठेवावा.

विषबाधा झाल्यास

चुकीचे औषध लागल्यानंतर काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांनीही, मांजराच्या तोंडातून लाळ गळते, कान व कातडी फडफडते, अंग थरथरते, चाल अडखळते व पुढे झटके येतात. औषध नुकतेच लागले असून मांजर शुद्धीवर असल्यास कोमट पाण्याने व भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाने अंग धुवावे, लगेच पुसून कोरडे करावे व ते चाटू देऊ नये. झटके येत असल्यास धुण्यात वेळ न घालविता फडक्यात गुंडाळून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. दूध, तेल किंवा ताक बळेच पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते. औषधाची बाटली मात्र अवश्य बरोबर न्यावी. वेळीच उपचार मिळाल्यास पुष्कळ मांजरे बरी होतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

औषधांच्या पाकिटांवरील मजकूर बहुधा इंग्रजीत व बारीक अक्षरांत असतो. तो वाचून दाखविणे ही कार्यकर्त्यांनी करावयाची पहिली मदत होय. दुसरे काम असे की, गावात गोचिडांसाठी गोठे फवारण्याचा दिवस ठरला, म्हणजे फवारलेली जागा पूर्ण वाळेपर्यंत मांजरे दूर ठेवण्याची सूचना आदल्या दिवशी घरोघर द्यावी. एका नळीचा खर्च काहींना जड वाटेल. परंतु मांजर गेल्यावर उंदीर जेवढे धान्य व बी खातील, त्याचाही हिशेब शेतकऱ्यांनी मनात धरावा. गुरांचे औषध गुरांना, पिकाचे पिकाला व मांजराचे मांजराला, एवढा नियम पाळला तर पिसवाही हटतील आणि कणगीची राखणही चालू राहील.