विश्लेषण : टर्नर यांची व्हेनिसची जलरंगचित्रे फक्त जानेवारीतच का दाखवतात?

एडिनबरा येथील नॅशनल गॅलरीत ब्रिटिश चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५-१८५१) यांची ३८ जलरंगचित्रे आहेत. त्यांत व्हेनिसच्या पाण्याकाठच्या वास्तूंचीही चित्रे आहेत. प्रथेप्रमाणे हा संग्रह जानेवारीतच पाहायला मिळतो; उरलेले ११ महिने तो अंधारात असतो.

ही अट कोणाची?

संग्राहक हेन्री व्हॉन यांची. त्यांनी मृत्युपत्राद्वारे ही चित्रे गॅलरीला दिली. सर्व चित्रे एकत्र, विनाशुल्क आणि फक्त जानेवारीत दाखवावीत, असे त्यांनी बजावले. १९०१ पासून ही प्रथा सुरू आहे. जानेवारीत एडिनबरात दिवस लहान आणि ऊन मंद असते.

सैल फटकाऱ्यांतून वास्तू कशी दिसते?

टर्नर १८१९, १८३३ आणि १८४० मध्ये व्हेनिसला गेले. १८१९ च्या ‘सान जॉर्जो माज्जोरे’ या चित्रात (हे लंडनच्या टेट संग्रहात आहे) चर्च आणि मनोरा उगवतीच्या प्रकाशासमोर फक्त गडद आकार म्हणून दिसतात. खिडक्या, नक्षी जवळपास नाहीच. तरीही वास्तू ओळखू येते, कारण मनोरा आणि घुमटाचे प्रमाण अचूक आहे. त्याच भेटीत त्यांनी पेन्सिलीने वह्याच्या वह्या भरल्या होत्या. रंग सैल, पण रेखांकन पक्के.

जलरंगात उजेड म्हणजे बहुधा कोरा ठेवलेला कागद. एडिनबरातील ‘द पियाझ्झेटा’मध्ये तर वीज दाखवण्यासाठी रंग खरवडून कागद उघडा केला आहे.

प्रकाशाने नेमके काय बिघडते?

जलरंगाचा थर अतिशय पातळ असतो. काही रंगद्रव्ये प्रकाशात फिकट होतात आणि ती हानी भरून येत नाही. नीळ उडाली की राखाडी-निळे आकाश तांबूस दिसू लागते. जलरंगांवरील प्रकाशाच्या परिणामाचा रसेल आणि ॲब्नी यांचा अहवाल १८८८ मध्येच आला होता. आज संग्रहालये अशा चित्रांसाठी साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवतात.

धोका कशाला?

तपशीलवार चित्रात रंग फिका झाला तरी रेषा वास्तू सांभाळते. इथे मात्र वास्तू उभी आहे ती उजळ आणि गडद छटांतील फरकावर. तो फरक पुसला गेला, तर घुमट आणि मनोराही धूसर होतील.