गायकाचा आवाज यंत्र कसं उचलतं

जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. त्यांच्या परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करून देणाऱ्यांना त्याने अटकाव केला. 2025 मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयाकडून असं संरक्षण मिळालं. आपण गात असाल, निवेदन किंवा डबिंग करत असाल, तर ही नक्कल कशी होते ते ठाऊक असलेलं बरं. एकेक टप्पा घेऊन पाहू. संगणकाची माहिती असायलाच हवी असं नाही.

सुरुवात नमुन्यापासून होते. यंत्राला आपला आवाज हवा असतो, तोही एकटा, साथसंगतीशिवाय. गाण्याच्या नकलेसाठी मोफत मिळणाऱ्या साधनांपैकी काहींना साधारण 10 मिनिटांचं स्वच्छ ध्वनिमुद्रण पुरतं. बोलण्याच्या नकलेला त्याहून कितीतरी कमी लागतं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2023 मध्ये ‘वॉल-ई’ नावाची प्रणाली मांडली, तेव्हा 3 सेकंदांचा नमुना पुरेसा असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे यूट्यूबवरची एखादी मुलाखतसुद्धा पुरे.

गाण्यात वाद्यं मिसळलेली असतात, म्हणून पुढचं काम आवाज वेगळा काढण्याचं. याचं उत्तम उदाहरण बीटल्स या बँडच्या ‘नाऊ अँड देन’ या गाण्याचं आहे. बँडमधल्या जॉन लेनन यांनी 1970च्या दशकात घरच्या कॅसेटवर ते गायलं होतं. 1990च्या दशकात त्यांच्या मागे उरलेल्या तिघांनी ते पुरं करायला घेतलं, पण पियानो आवाजावर चढत होता आणि टेपची घरघरही होती, म्हणून सोडून दिलं. पुढे यंत्राने आवाज आणि पियानो वेगळे केले आणि नोव्हेंबर 2023 मध्ये गाणं प्रसिद्ध झालं. त्यात नक्कल नाही, आवाज लेनन यांचाच आहे. पण हेच तंत्र नकलेच्या कामातही पहिली पायरी ठरतं.

इथेच पहिली चूक होते. हार्मोनियम गाणाऱ्याच्या मागोमाग त्याच स्वरावर चालते, त्यामुळे ती पुरती सुटत नाही. उरलेली पेटी यंत्र गळ्याचाच भाग समजतं आणि पुढे प्रत्येक ओळीत तिची झाक येत राहते.

मग या आवाजाचं चित्र केलं जातं. त्याला वर्णपट म्हणतात: आडवी रेघ वेळेची, उभी रेघ कंपनांची, आणि जिथे जोर जास्त तिथे रंग गडद. एक स्वर लावला तरी चित्रात एकावर एक बऱ्याच रेघा उमटतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो अशाच वरच्या रेघांपैकी एक. कुठली रेघ ठळक आणि कुठली फिकट, यावरून गळा ओळखू येतो.

संगीताच्या प्राथमिक पुस्तकांत नादाचे तीन गुण शिकवतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. यंत्र जवळजवळ हीच फोड करतं. कुठलं अक्षर उच्चारलं ते एकीकडे, स्वर किती उंच ते दुसरीकडे, आणि या दोन्हींपलीकडे उरतो तो आवाजाचा पोत, म्हणजे जाती. नकलेला खरी गरज या पोताची.

पोत शिकणं म्हणजे पुन्हा पुन्हा करून पाहणं. यंत्र तुकडा फोडतं, परत जोडतं, मुळाशी ताडून पाहतं आणि फरक कमी होईल अशा बेताने आतले आकडे हलवतं. हे हजारो वेळा होतं. शेवटी जी फाइल उरते तिला प्रारूप म्हणतात. त्यात आपलं एकही गाणं साठवलेलं नसतं, तरीही आपल्या गळ्याची ओळख त्यात असते.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा टप्पा. या पद्धतीत प्रारूप आपणहून गात नाही. आधी कुणीतरी माणूस ते गाणं पूर्ण गातो. यंत्र त्या गाण्यातली अक्षरं आणि स्वर तसेच ठेवतं, फक्त पोत बदलतं. समेच्या किंचित आधी शब्द सोडणं, ‘रे’ वर जरा जास्त रेंगाळणं, मुरकी घ्यायची की सरळ उतरायचं, हे सगळं त्या मूळ गाणाऱ्याचं असतं. लोक वाहवा करतात ती प्रसिद्ध नावाच्या गळ्याला. गायकी मात्र दुसऱ्याच कुणाची, आणि त्याचं नाव बहुतेकदा कुठेच नसतं. नुसत्या मजकुरावरून अख्खं गाणं बनवणारी साधनंही आली आहेत, पण ती पद्धत निराळी.

या टप्प्यावर चुकाही भरपूर होतात. मींड किंवा गमक आली की स्वर मोजणारा भाग गोंधळतो आणि क्षणभर एक सप्तक वर किंवा खाली उडी मारतो. आवाज फाटल्यासारखा होतो. श्वास आणि स्वर यांतला फरक चुकला की श्वासालाच सूर चिकटतो. मराठीत ‘ळ’ची अडचण. शिकवणीच्या नमुन्यांत ते अक्षर नसेल, तर ‘वेळ’ ‘वेल’कडे झुकू शकते. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन ‘च’ही असेच एकमेकांत मिसळू शकतात.

शेवटी मिश्रण. घुमारा आणि वाद्यं चढवली की यातल्या बऱ्याच खुणा झाकल्या जातात. एखाद्या गाण्याबद्दल शंका आली, तर हेडफोन लावून ओळींची शेवटची अक्षरं आणि श्वासाच्या जागा ऐकाव्यात.

याच तंत्राचा सरळ वापरही होतो. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असेच वापरले. घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि जानेवारी 2024 मध्ये ते उघडपणे सांगितलं. माझ्या मते किमान एवढं तरी व्हायलाच हवं.

कायदा अजून अर्ध्या वाटेवर आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्यांचे हक्क आहेत, 2012च्या दुरुस्तीने ते वाढले. पण ते आपण केलेल्या सादरीकरणाला लागू होतात. आपल्या गळ्यातून न निघालेल्या, तरी आपल्यासारख्याच वाटणाऱ्या आवाजाबद्दल तिथे स्पष्ट तरतूद नाही. न्यायालयं व्यक्तिमत्त्वाच्या हक्कांचा आधार घेतात आणि त्यासाठी नाव प्रसिद्ध असावं लागतं. नवख्या गायकाला ही वाट अवघड.

त्यामुळे त्याचा खरा आधार म्हणजे करारपत्र. ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, भविष्यातील तंत्रज्ञानासह’ असे शब्द दिसले तर सही करण्याआधी थांबावं. ध्वनिमुद्रण यंत्राला शिकवण्यासाठी वापरणार नाही, असं वेगळं कलम मागावं. नकलेला परवानगी द्यायचीच असेल, तर कोणत्या गाण्यासाठी, किती काळ, मानधन किती आणि काम संपल्यावर प्रारूप पुसणार का, हे लिहून घ्यावं. डमी गाणाऱ्यांनी, म्हणजे दुसऱ्याच्या आवाजासाठी आधी गाऊन देणाऱ्यांनी, आणखी एक ओळ मागावी: अंतिम गाण्यात आवाज कुणाचाही असो, आपलं गाणं खाली वापरलं असेल तर श्रेयनामावलीत आपलं नाव येईल.